गुरुजींचा ज्वालामुखी

आमचे सोनाळा गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा पाहिलात, तर अगदी वरच्या अंगाला, संग्रामपूर तालुक्यात ते सापडेल. संत सोनाजी महाराजांचे गाव म्हणून वऱ्हाडात त्याला ओळखतात आणि कार्तिकातल्या यात्रेला रोडग्याच्या प्रसादासाठी माणसे लांबून येतात. दिवाळी संपली की आमच्याकडे दुसरी दिवाळी सुरू होते ती ही. पण आज मला जे सांगायचे आहे ते यात्रेविषयी नाही, दगडांविषयी आहे; आणि सणासुदीच्या अंकात दगड कशाला, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये, एवढीच विनंती आहे. या दगडांत एक धिरडेही आहे.

आमच्या लहानपणी गावात एक गुरुजी होते. होते म्हणजे आजही आहेत; वय शहाऐंशी, कान जरा मंद, आवाज मात्र तोच. पाचवीत असताना ते आम्हां पोरांना रविवारी गावाच्या उत्तरेला फिरायला नेत. संत्र्यांच्या बागा संपल्या की पऱ्हाटीची वावरे, ती संपली की गोटाळ जमीन लागते. डोंगरातून हजारो पावसाळे वाहून आलेल्या दगडगोट्यांचा हा पट्टा. वरून पडलेले पाणी इथे पाहता पाहता जमिनीत मुरून जाते. त्याच्याही पलीकडे एक नाला डोंगरातून उतरतो. जंगल सुरू होण्याआधी, नाल्याच्या एका वळणावर पाण्याने काठ उभा कापला आहे. (पुढचे जंगल १९९७ पासून अंबाबरवा अभयारण्य झाले. ते मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात येते, त्यामुळे आता तिकडे कोणी सहज जात नाही. आमचा नाला अलीकडेच आहे.)

त्या कापलेल्या काठापुढे गुरुजी आम्हांला बसवीत आणि म्हणत, "पुस्तक उघडलं हाये, वाचा."

वाचायचे काय, तर थर. काळ्या खडकाचा एक थर, त्यावर वीतभर तांबड्या मातीची पट्टी, पुन्हा काळ्या खडकाचा थर. सगळे जवळजवळ आडवे, घडी घालून ठेवलेल्या सतरंज्यांसारखे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला, थंडावला. मग मधल्या काळात त्याची माती झाली. मग पुन्हा रस आला. असे कितीदा तरी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या रसाखाली झाकला आहे. डोंगर झिजले की त्यांच्या कडांना पायऱ्या पडतात. म्हणून स्वीडिश भाषेतला पायरीचा शब्द घेऊन या खडकाला 'ट्रॅप' म्हणू लागले.

मग गुरुजी एका थराच्या वरच्या अंगाला बोट लावीत. तिथे खडकाला भोके असत, कुठे मोकळी, कुठे पांढऱ्या गारगोटीने भरलेली. "तुह्या मायनं धिरडं केलं, तं जाळी कोन्या बाजूले पडते?" आम्ही ओरडत असू, "वरच्या!" रसातली वाफ वर चढते, वर जाता जाता गोठते, म्हणून थराच्या माथ्यावर जाळी आणि पोटात घट्ट खडक. तळाशीही थोडी भोके असतात, पण जाळी म्हणावी अशी वरच. गुरुजींचे हे धिरडे मी तीस-पस्तीस वर्षे विसरलो नाही. दहावीपुढे मी बाकावर बसलो नाही, थेट टेबलापलीकडे उभा राहिलो. तेव्हा जे काही माझ्याकडे आहे त्यातले बरेचसे त्या नाल्याच्या काठावरचे आहे.

त्याच काठावर एका रविवारी गुरुजींनी लोणारचे सांगितले. आपल्याच जिल्ह्यात, दक्षिणेच्या टोकाला, याच काळ्या खडकात एक अजस्र गोल खड्डा आहे. तो म्हणजे मृत ज्वालामुखीचे तोंड. जो रस आपण इथे पाहतो, तसल्याच रसाचे दार तिकडे उघडे राहिले आहे. केवढी जुळणी होती त्या सांगण्यात! इकडे थर, तिकडे तोंड. मी ते इतके मनावर घेतले, की पुढे माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक लोणारच्या काठावर उभा राहून आपल्या दुःखाची तुलना विझलेल्या ज्वालामुखीशी करतो. दोन पाने करतो. ती पाने छापली गेली आहेत, आणि ग्रंथालयाच्या शिक्क्यासह कुठे कुठे आहेत.

मी लोणार पाहिलेच नव्हते. आम्ही 'घाटाखाली'ची माणसे, लोणार 'घाटावर'. बुलढाणा जिल्ह्यात हे दोन मुलूख निराळे मानतात. बोली, पीक, पाणी, सोयरिकी, सगळ्यांत थोडा थोडा फरक. दीडशे किलोमीटर म्हणजे आमच्या मानाने परदेशच.

गेल्या हिवाळ्यात मात्र मुलांची सहल काढायचे ठरले आणि मुलांनी लोणार मागितले. मी वर्गात गुरुजींचेच सांगायला लागलो. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, पुस्तकात त उल्का पडली म्हनून लिवलं हाये." मी म्हणालो, आता तसे म्हणतात खरे. ती बसली नाही. "ज्वालामुखी त साडेसहा कोटी वर्षांआधी बंद झाला. मंग खड्डा इतका नवा कसा?"

हिशेब तिचा बरोबर होता. खड्ड्याचे वय एका पद्धतीने काढले, तर सुमारे बावन्न हजार वर्षे येते. दुसऱ्या, अलीकडच्या पद्धतीने पाच लाख सत्तर हजार. तज्ज्ञांत अजून मिटलेले नाही. पण दोन्हींतला कोणताही आकडा घ्या, कारखाना बंद होऊन कोट्यवधी वर्षे लोटल्यावर चिमणीतून धूर निघाला, असे म्हणण्यासारखे ते होते. मी त्या मुलीला शाबास म्हटले, आणि रात्री घरी आपली कादंबरी कपाटातून काढून पुन्हा आत ठेवली.

एस.टी. वरवट बकालवरून निघाली. पूर्णेच्या पुलाआधीच खारपाणपट्टा लागतो. विहिरीला पाणी आहे आणि तोंडात घालवत नाही, अशी ही जमीन. आमच्या डोंगराच्या कुशीत गोड पाणी, आणि काही कोसांवर हे. त्या खाऱ्या पाण्याने मूत्रपिंडाच्या दुखण्याची किती घरे या भागात झाली आहेत, ते इथल्या माणसाला विचारू नये. शेगाव, खामगाव, मग घाट, मग मेहकर. एका खाऱ्या मुलखातून दुसऱ्या खाऱ्या पाण्याकडे आम्ही चाललो होतो, याची गंमत मला वाटेत वाटत होती. लोणार हे नावच मुळी लवणातून आलेले.

पहिल्या दर्शनाविषयी मी काही लिहीत नाही. चालता चालता सपाट माळ एकदम संपतो, आणि पायांखाली दीडशे मीटर खोल, पावणेदोन किलोमीटरांहून थोडा अधिक रुंद, जवळजवळ अचूक गोल असा वाडगा दिसतो. तळाशी हिरवट पाणी. चाळीस मुले एकदम गप्प झाली. मास्तराच्या आयुष्यात ही घटना क्वचितच घडते.

आम्ही काठाने चालू लागलो. पूर्ण फेरी सहा किलोमीटरांच्या घरात जाते. आम्ही निम्मी केली. चालताना मी लोणासुराची कथा सांगितली. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखालच्या गुहेत लपला होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. ते झाकण दूर जाऊन पडले. कित्येक कोसांवरची एक टेकडी तेच झाकण, असे जुने लोक दाखवीत. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात याच पराक्रमाचा विष्णू आहे. देऊळ चालुक्यांच्या शैलीचे आणि अतिशय देखणे. नुसत्या बाह्य भिंतीपुढे तासभर जावा. मुलांना मी इतकेच सांगितले की, कथेत आग नाही, धूर नाही. झाकण उडाले आहे, हे ध्यानात ठेवा.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडाचे वर्णन करताना लोणार वगळले नाही. काच आणि साबण यांना लागणारे सारे साहित्य इथे मिळते आणि त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तो नोंदवतो. पाण्यावर साचणाऱ्या क्षारांना इथल्या लोकांनी नावे दिली होती : डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. पापडात घालतात त्या खाराच्या जातीचेच हे क्षार. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला साबण लावताना, चारशे वर्षांपूर्वी कोणी तरी त्यासाठी याच खड्ड्यात उतरत होते, एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.

१८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला आणि साहेबाच्या कागदपत्रांत लोणार शिरले. पुढे जो तो भूगर्भवेत्ता आला तो काळा खडक पाहून ज्वालामुखीच म्हणाला. त्यांत त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. चारी बाजूंना शेकडो कोस ज्वालामुखीचा खडक, मध्ये एक खड्डा; दुसरे काय म्हणायचे? १९१२ साली ला टूश आणि क्रिस्टी यांनी सरकारी भूगर्भखात्यासाठी लोणारचा सविस्तर अभ्यास छापला, त्यांचेही उत्तर त्याच घरातले होते. गुरुजींच्या गुरुजींना हेच शिकवले असणार.

पण या हकिगतीतला मला सर्वांत जिव्हाळ्याचा माणूस अमेरिकेतला आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे त्याचे नाव. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सव्वा किलोमीटर रुंदीचा असाच एक खड्डा आहे, आणि त्याभोवती उल्केच्या लोखंडाचे तुकडे सापडत. १८९१ साली गिल्बर्ट तिथे गेला. त्याने विचार केला : उल्केने खड्डा केला असेल, तर ती खाली गाडलेली असणार. मग काठावर पडलेली माती खड्ड्यात परत भरली, तर ती उरायला हवी, कारण उल्केने जागा अडवली आहे. शिवाय एवढे लोखंड असेल, तर होकायंत्राची सुई हलायला हवी. दोन्ही गोष्टी त्याने नेटाने मोजल्या. काठाची माती आणि खड्ड्याची पोकळी बरोबर जुळली. सुई हलली नाही. तेव्हा गिल्बर्टने प्रामाणिकपणे निकाल दिला : उल्का नव्हे, भूगर्भातल्या वाफेचा स्फोट. आणि १८९६ साली हे मांडताना जगात अशा जातीचा दुसरा खड्डा म्हणून त्याने दाखला दिला तो आपल्या लोणारचा! अ‍ॅरिझोनाचा आणि लोणारचा खड्डा एकाच कुळातले, हे त्याने बसल्या जागी ओळखले. कूळ मात्र चुकीचे सांगितले. लोणार साक्षीला गेले ते उलट बाजूने.

त्यानंतर बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने १९०३ पासून तिथे लोखंडाच्या आशेने वर्षानुवर्षे खोदकाम केले, पैसा ओतला आणि १९२९ साली तो वारला. गाडलेली उल्का सापडली नाही, कारण ती गाडलेली नव्हतीच. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आलेली वस्तू जमिनीत रुतत नाही. तिचा बहुतेक भाग त्याच क्षणी वाफ होऊन जातो आणि खड्डा पाडतो तो स्फोट. वस्तू लहान, खड्डा प्रचंड. गिल्बर्टची मापे बरोबर होती. मापांना जो प्रश्न विचारला तो चुकला. १९६० साली शूमेकर आणि चाओ यांना अ‍ॅरिझोनात कोएसाइट नावाचे खनिज सापडले. ते तयार व्हायला प्रचंड दाब लागतो, आणि तेवढा दाब त्या जागी दुसऱ्या कशाने येणे शक्य नव्हते.

लोणारला मात्र लोखंडाचा तुकडाही मिळालेला नव्हता. १९६४ साली लाफाँड आणि डिएट्झ यांनी लोणारही उल्केचेच असावे, असे लिहिले, पण मथळ्यात प्रश्नचिन्ह ठेवून. ते प्रश्नचिन्ह पुसले १९७३ साली. भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी सरोवराच्या तळात भोके पाडली. शंभर मीटर गाळ. त्याखाली चेचलेला, चुरडलेला खडक. आणि त्यात एक काच, मास्केलिनाइट. खडकातले खनिज न वितळता, केवळ आघाताने काच होते तेव्हा ही काच होते. ज्वालामुखी लाख प्रयत्न करील, त्याला ती जमणार नाही.

त्या काचेची जन्मकथा ऐकून तर मी थक्क झालो. १८६५ च्या ऑगस्टमध्ये बिहारात शेरघाटी येथे आकाशातून एक दगड पडला. तो व्हिएन्नाला गेला, आणि १८७२ साली चेरमाक नावाच्या पंडिताला त्यात ही काच प्रथम आढळली. मास्केलिन या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाचे नाव त्याने तिला दिले. तो दगड मंगळावरून आला होता, हे पुढे फार वर्षांनी कळले. बिहारच्या दगडाने शिकवलेली अक्षरे घेऊन वऱ्हाडचा खड्डा वाचला गेला.

हे सारे मी काठावर, एका बाभळीच्या सावलीत, शिदोऱ्या सुटण्याआधी सांगत होतो. मुले ऐकत होती असे मी समजत होतो. ती सातवीतली मुलगी ऐकत नव्हती. ती पायवाटेशेजारच्या उघड्या खडकाशी उकिडवी बसली होती.

"सर, हे त उलटलं हाये."

मी जवळ गेलो. काठाचे थर आमच्या नाल्यातल्या थरांसारखे आडवे नव्हते, हे मी येतानाच पाहिले होते. खड्ड्याकडून बाहेरच्या बाजूला ते कलले होते, कुणी आतून वर रेटल्यासारखे. पण तिने दाखवले ते त्याहून पुढचे. वर घट्ट काळा खडक, आणि त्याच्या पोटाखाली भोकेच भोके. जाळी खाली होती.

"धिरडं उलटलं," ती म्हणाली.

गुरुजींचे धिरडे मीच वर्गात सांगितले होते; वापरले तिने. स्फोटाने खालचे थर उचलून बाहेर फेकले, आणि काठावरचे थर पानासारखे उलटून पालथे पडले. शूमेकरने अ‍ॅरिझोनात हेच पाहिले होते. आमच्याकडे ना सूक्ष्मदर्शक, ना भोके पाडायचे यंत्र. पण सोनाळ्याच्या नाल्यात खडक कसा निजतो हे ज्याने पाहिले, त्याला लोणारला तो कसा निजलेला नाही, एवढे तरी दिसते. तुकडा उचलायला मुलांचे हात शिवशिवत होते. मी नको म्हटले. २००० सालापासून हे अभयारण्य आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाने एक एक खडा नेला, तर पुढच्यांनी काय वाचायचे?

खाली आम्ही धारेपर्यंतच उतरलो. गोमुखातून गोड पाण्याची धार बारमाही पडते आणि ते पाणी जाऊन मिळते त्या खाऱ्या सरोवराला. २०२० च्या जूनमध्ये तेच सरोवर गुलाबी झाले होते. खार आवडणारे सूक्ष्म जीव वाढल्याने तसे झाले, असे तपासाअंती निघाले. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले. कमळजा देवीपर्यंत जायचे राहिले, कारण एस.टी.ची वेळ झाली.

परतल्यावर चार दिवस मी गुरुजींकडे गेलो नाही. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला, तुम्ही शिकवले ते चूक होते, हे सांगून मिळवायचे काय? न सांगावे तर, वर्गात रोज खरे बोला म्हणून सांगणारा मी कोण? पाचव्या दिवशी त्या मुलीला घेऊन गेलो. खरे म्हणजे तिच्या आडून गेलो.

तिने सांगितले, मोठ्याने, कानाशी. गुरुजींनी मध्ये एकही शब्द काढला नाही. गिल्बर्टचे आले तेव्हा मात्र मान वर केली. "मोजमाप बराबर व्हतं म्हन्ते त्याचं?"

"बराबर होतं जी."

"अन् तरी चुकला." थोडा वेळ गेला. मग माझ्याकडे वळून, "तुह्या त्या पुस्तकात मी सांगतलं तेच हाये ना रे?"

मी हो म्हणालो. ते हसले, फार दिवसांनी इतके हसले. मग काठी मागितली. घरातली माणसे नको नको म्हणत होती, गुरुजी निघाले. उतरती उन्हे होती. संत्र्यांच्या बागांमागून हळूहळू, मध्ये दोनदा बसत, आम्ही शेवटच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत आलो. पुढे गोटाळ जमीन, आणि त्यांचे पाय चालेनात. ते धुऱ्यावर बसले आणि मुलीला म्हणाले, "जा, पाहून ये."

ती नाल्याकडे पळत गेली. दिसेनाशी झाली. गुरुजींनी तोंडाशी हात धरला आणि पाचवीच्या वर्गातल्या आवाजात ओरडले, "जाळी कोन्या बाजूले हाये?"

नाल्यातून आवाज आला, "वरच्या जी!"

त्यांना ते ऐकू आले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कानाशी वाकून सांगितले.